नासाडीचे जुने शब्द: तुमच्या घरात कोणते होते?

वाटोळं, सत्यानाश सगळ्यांनाच ठाऊक आहेत. इथे वडीलधाऱ्यांच्या तोंडचे शब्द लिहा, आणि ते कधी ऐकले तेही. सुरुवात मी करते.

परभणीकडे आमचं 'मातेरं'. खळं उरकल्यावर तळाशी झाडून गोळा केलेलं, माती-खडे मिसळलेलं धान्य. आजी ते पाखडून कोंबड्यांना टाकायची. २०१४ च्या गारपिटीत उभी ज्वारी आडवी झाली, तेव्हा वडील बांधावरून एवढंच म्हणाले, "सालाचं मातेरं झालं."

*

यवतमाळ. आमच्याकडे उठून गेलेल्या गावाला 'रिठी' म्हणतात. शेताशेजारी एक आहे: मारुतीचा ओटा, बुजलेली विहीर, चिंचा. महसुली दप्तरात अशी गावं 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवाच लागत नाही ती. त्याचंच 'बेचिराख' झालं आणि आता सगळ्यांना त्यात राख दिसते. आजोबांना मात्र दिवाच दिसायचा. "पटकी आली, तीन घरं उरली, मग तीबी गेली. गाव बेचिराख." मला हा शब्द सगळ्यांत भीषण वाटतो. त्यात आग नाही, शत्रू नाही, नुसती माणसं नाहीत.

*

मालवणकडून 'तळपट'. भांडणातला शाप. घरात कुणी उच्चारला तर आजी लगेच देवाला हात जोडायची.

*

नोकरीमुळे काही वर्षं पानिपतला होतो. तिथे हे नाव हातमाग, चादरी आणि लोणच्याचं. गावाच्या नावाचा आपल्याकडे 'पुरता धुव्वा' असा अर्थ होतो, हे सांगितल्यावर शेजारी गप्पच झाले. काला आंबच्या स्मारकापाशी जाऊन आल्यापासून क्रिकेटच्या हरण्याला 'पानिपत' म्हणवत नाही. १४ जानेवारी १७६१ नंतर पेशव्यांकडे गेलेला सांकेतिक निरोप प्रसिद्ध आहे: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. खुर्दा म्हणजे चिल्लर, म्हणजे नाव नसलेले हजारो शिपाई आणि बुणगे. 'खुर्दा उडाला' म्हणताना मला तेच आठवतात.

*

पुणे. आजीचा शब्द, 'गाढवाचा नांगर फिरला'. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणं जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला, असं सांगतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, आमचा नदीकाठचा वाडा गेला, तेव्हा तिने हेच शब्द काढले. तिच्या पिढीतल्या नदीकाठच्या पेठांतल्या बायकांकडून आणखी कुणी ऐकले असतील तर लिहा.