स्केल मॉडेल गाड्या जमवणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

डायकास्टवाले, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या छोट्या गाड्या जमवणारे, एकत्र आले की गप्पा कोणाकडे किती गाड्या आणि कुठली कधी मिळाली इथेच अडकतात. मला वेगळं ऐकायचंय. तुमच्याकडची एखादी गाडी हातात घ्या आणि तिच्यातला असा एक बारकावा सांगा ज्याच्यामुळे तुम्ही या छंदात रुतलात, नाहीतर सांभाळताना काय शिकलात, काय बिघडलं, काय दुरुस्त केलंत ते सांगा. स्केल कुठलंही चालेल, नवीन जुनं सगळं चालेल.

सुरुवात मीच करते. माझ्या एका १:१८ गाडीचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या भागाएवढ्या मॉडेलचं, चाक सहज फिरवत होते तर दिसलं की आतली ब्रेक डिस्क चाकाबरोबर फिरतेय पण कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत पकडणारा भाग, जागेवर थांबलाय. खऱ्या गाडीत असंच असतं, कॅलिपर चाकामागच्या भागाला बोल्ट केलेला असतो, तो फिरत नाही. साध्या मॉडेलमध्ये डिस्क आणि कॅलिपर एकाच तुकड्यात ओततात, मग चाक फिरलं की कॅलिपर कधी वर कधी खाली कुठेही जातो. स्पोक्सच्या मागे लपलेला एवढासा भाग कोणीतरी वेगळा करून बसवला, हे कळल्यावर मी प्रत्येक गाडी वेगळ्या नजरेने बघायला लागले. आतला गालिचा बघा, तो कापड चिकटवून होत नाही, बारीक तंतू स्थिर विजेने उभे करून गोंदावर बसवतात, फ्लॉकिंग म्हणतात त्याला. आणि हेडलाइट! काचेच्या मधोमध तो प्लास्टिकचा खिळा दिसला की गाडीचा चेहराच बिघडतो. आता नवीन मॉडेलचे फोटो आले की मी आधी हेडलाइट झूम करते.

*

मी पक्का १:४३ वाला. साडेचार मीटरची गाडी १:१८ मध्ये २५ सेंटिमीटर होते, १:६४ मध्ये ७, आणि १:४३ मध्ये साडेदहाच्या आसपास. तळहातावर बसते आणि तरी डॅशबोर्डवरचे डायल दिसतात, मला याच्याहून मोठं नकोच. १:४३ हा आडनिडा आकडा आला खेळण्यातल्या रेल्वेतून, त्यातल्या ओ गेज नावाच्या मापात १ फुटाला ७ मिलिमीटर असं माप धरायचे, ३०४.८ भागिले ७ केलं की साडेत्रेचाळीस येतं. फ्रँक हॉर्नबींच्या मेकॅनो कंपनीने लिव्हरपूलमध्ये रेल्वे सेटच्या बाजूला मांडायला म्हणून छोट्या गाड्या काढल्या आणि १९३४ मध्ये त्यांचं नाव डिंकी टॉइज झालं. मग १९५६ मध्ये कॉर्गी आली, तिने खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावलं, तोपर्यंत तिथे नुसती भोकं असायची. माझ्याकडे दोन्हींच्या थोड्या थोड्या आहेत, रंग उडालेल्या, चाकं घासलेल्या, आणि मी त्या रंगवणार नाही. कोणीतरी खेळून घासल्यात त्या, ती घासणीच मला बघायची असते.

*

सांभाळण्याबद्दल लिहिते कारण हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एक १:१८ गाडी तिच्याच प्लास्टिक बेसवर, मूळ स्क्रूने कसलेली, काही वर्षं कपाटात होती. कधीतरी स्क्रू काढून उचलली तर टायर बेसमध्ये रुतलेले, सुटताना टायरचा थर खाली राहिला आणि बेसवर चार खड्डे. दिलेल्या बेसवर दिलेल्या स्क्रूने ठेवलेली गाडी अशी का व्हावी म्हणून वाचायला घेतलं. टायर मऊ राहावा म्हणून पीव्हीसीमध्ये प्लास्टिसायझर घालतात, तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि खालचं प्लास्टिक विरघळवत जातो. उकाड्यात आणखी लवकर. आता माझ्या सगळ्या बेसवाल्या गाड्या चॅसीखाली छोटे ठोकळे देऊन उचललेल्या आहेत, टायर बेसपासून जेमतेम वर राहतो, समोरून बघितलं तर कळतही नाही. ठोकळा गाडीच्या मजबूत भागाखाली द्या, एक्झॉस्टच्या पाइपखाली नको. नुसत्या काचेच्या फळीवर ठेवली असेल तर काच वितळत नाही, फार तर डाग पडतो तो पुसता येतो.

*

ताईंनी टायरचं लिहिलं, मी धातूचं लिहितो. या गाड्या ज्या मिश्रधातूच्या असतात त्याला झामॅक म्हणतात, मुख्य जस्त आणि त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं. हे शुद्ध असलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण ओतताना त्यात शिसं मिसळलं, अगदी किंचित सुद्धा, तर कणांच्या सीमेवरून आतल्या आत गंज चालतो, आधी रंगावर बारीक चिरा येतात, मग अंग फुगतं, वाकतं आणि एक दिवस हातात भुगा. झिंक पेस्ट म्हणतात याला, इथे पेस्ट म्हणजे रोग, लावायची पेस्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या डिंकींमध्ये फार सापडतो. माझ्या आजोबांच्या खोक्यातली एक व्हॅन अशीच गेली. कोणी म्हणतं तेल लावा, कोणी लॅकर मारा, पण यावर इलाज नाही हे नीट समजून घ्या कारण दोष धातूच्या आतच असतो. थंड कोरडी जागा दिली तर वेग कमी होतो एवढंच. एका गाडीचा दुसरीला लागत मात्र नाही, नाव ऐकून लोक घाबरून आजूबाजूच्या चांगल्या गाड्या हलवतात, त्याची गरज नाही. जुनं मॉडेल घेताना तळ बघा, सरळ पट्टीवर ठेवून बघा, छत आणि दाराच्या कडेला केसासारखी चीर दिसली तर सोडून द्या.

*

माझा सगळा संग्रह रेसच्या गाड्यांचा. रस्त्यावरच्या गाडीचं मॉडेल बरोबर की चूक एवढं बघतात, रेसच्या गाडीला विचारतात कुठली रेस, कितवं वर्ष, कोणता चॅसी नंबर. फेरारी २५० जीटीओ एकूण ३६ बनल्या आणि पत्रा हाताने ठोकलेला त्यामुळे एकीचे व्हेंट, म्हणजे हवेच्या खाचा, दुसरीसारखे नाहीत, मॉडेल करणाऱ्याला नेमकी एकच गाडी निवडावी लागते. माझी सगळ्यात लाडकी मर्सिडीज ३०० एसएलआर, नंबर ७२२. हा नंबर म्हणजे सुटायची वेळ, १९५५ च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या रस्त्यावरच्या रेसमध्ये ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस आणि शेजारी बसलेला डेनिस जेंकिन्सन सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाले. जेंकिन्सनने सगळ्या वळणांच्या नोंदी कागदाच्या लांब गुंडाळीवर लिहून घेतल्या होत्या आणि हाताच्या खुणांनी मॉसला सांगत गेला, १६०० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता १० तास ७ मिनिटं आणि काही सेकंदांत, सरासरी ताशी १५७ किलोमीटरच्या वर. हे माहीत झाल्यावर त्या चांदीच्या बॉनेटवरचे तीन लाल आकडे नुसते आकडे राहत नाहीत.

एक तक्रार आहे. तंबाखूच्या जाहिरातींच्या नियमांमुळे कितीतरी फॉर्म्युला वन मॉडेल प्रायोजकाच्या नावाशिवाय येतात. मॅकलारेन एमपी४/४, १९८८ मध्ये १६ पैकी १५ रेस जिंकलेली गाडी, आणि तिच्या पांढऱ्या भागावर रिकामी जागा. खेळण्याच्या डब्यावर सिगारेटचं नाव नको हे मला पूर्ण पटतं. पण ही गाडी इतिहास म्हणून ठेवलीय म्हटल्यावर तो पांढरा रिकामा पट्टा मला सलतो. वेगळे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं, आणलेत पण अजून हात लावलेला नाही, कोणी लावले असतील तर सांगा.

*

आमच्याकडे ब्लिस्टर, म्हणजे गाडीवरचं पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट, फोडायचा नियम आहे. मुलगा आणि मी मिळून १:६४ जमवतो आणि घरात आलेली प्रत्येक गाडी उघडली जाते, जमिनीवर धावते. मॅचबॉक्सची गोष्ट त्याला फार आवडते, जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती म्हणून वडिलांनी तिला पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला आणि १९५३ मध्ये त्यातूनच ती मालिका निघाली. हॉट व्हील्स १९६८ च्या, पहिल्या वर्षी १६ गाड्या, बारीक वाकणारे ॲक्सल आणि कमी घर्षणाची चाकं, म्हणून त्या तेव्हाच्या बाकी सगळ्यांपेक्षा पळायच्या. पाकिटातल्या गाडीचं चाक फिरतं की नाही हे कधी कळणारच नाही ना. ज्यांना बंद ठेवायच्यात त्यांनी ठेवाव्यात, पण उन्हापासून लांब ठेवा, ते पारदर्शक प्लास्टिक पिवळं पडतं.

*

रेझिन की डायकास्ट हा वाद इथे येणारच म्हणून माझं मत आधीच. रेझिन म्हणजे ओतून कडक होणारं प्लास्टिक, त्याची मॉडेल सिलिकॉनच्या साच्यातून थोड्या संख्येत निघतात, कडा अगदी धारदार, शट लाइन म्हणजे दार-बॉनेटभोवतीच्या फटी बारीक, आणि ज्या गाडीसाठी कोणी महागडा स्टीलचा साचा काढणार नाही अशा गाड्या रेझिनमुळेच मिळतात. बहुतेकांची दारं उघडत नाहीत. डायकास्टमध्ये धातूचं दार उघडायचं तर पत्र्याला जाडी लागते, फट थोडी मोठी होते, रंगाचा थर कडेला भरतो. मला दारं, बॉनेट, डिकी सगळं उघडणारं हवं. इंजिनवरच्या वायरी आणि पाइप बघितल्याशिवाय गाडी बघितल्यासारखी वाटतच नाही. म्हणून मी डायकास्ट घेतो, आणि फोटोसाठी घेणाऱ्यांना रेझिन सुचवतो. ज्यांच्याकडे रेझिन आहे त्यांनी उन्हाच्या खिडकीजवळ ठेवू नका, अंग वाकतं, आणि उचलताना बेस धरा, आरसे वायपर सगळं नाजूक असतं.

*

वरच्या मुद्द्याला माझं एक कारण जोडते. बाबांची नजर गेली वयामुळे, गाड्यांचं वेड मात्र तसंच. मी त्यांच्या हातात १:१८ डायकास्ट देते आणि ते बोटांनी ओळखतात. छत मागे सलग उतरत गेलं की पोर्शे ९११ हे पहिल्यांदाच सांगितलं त्यांनी. जॅग्वार ई-टाइपचं बॉनेट इतकं लांब आहे की हात पुढे सरकवत ते म्हणाले अगं ही संपतच नाही. फोर्ड जीटी४० चं छत जमिनीपासून फक्त ४० इंचांवर होतं हे त्यांना कायम पाठ होतं पण ती बुटकी गाडी इतरांच्या शेजारी ठेवून हात फिरवला तेव्हा केवढे खूश झाले. पुढचं चाक वळतं का, स्प्रिंग दबतं का, दार कुठून उघडतं, सगळं तपासतात. त्यामुळे माझ्यासाठी वजन आणि उघडणारे भाग सगळ्यात महत्त्वाचे. एक दोन आरसे तुटले, ते मी एका डबीत जपून ठेवलेत आणि गाड्या त्यांच्या हातात देत राहणार आहे.

*

फोटोवाला मी. एकच गणित सांगतो, त्याने फोटो लगेच बदलतील. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६० सेंटिमीटरवर असतात, याला स्केलने भागा. १:१८ ला कॅमेरा ९ सेंटिमीटर उंचीवर, १:४३ ला पावणेचारच्या आत, १:६४ ला अडीच. यापेक्षा वरून काढला की बघणाऱ्याला लगेच खेळणं वाटतं. दुसरं म्हणजे जवळून काढताना मागचं सगळं इतकं धूसर होतं की त्यावरूनच गाडी छोटी आहे हे कळतं, म्हणून ॲपर्चर बारीक ठेवा, एफ११ एफ१६, ट्रायपॉड लावा, आणि जमलं तर वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडा. तिसरं वाळू. एक मिलिमीटरचा कण १:१८ ला १८ मिलिमीटरचा खडा होतो आणि १:६४ ला ६.४ सेंटिमीटरचा दगड, वाळू नका वापरू, चाळलेली बारीक माती घ्या. मेटॅलिक रंगाचंही तेच आहे, चमकीचे कण लहान करता येतात ते मर्यादेतच, म्हणून काही चांदीच्या गाड्या फोटोत खरखरीत येतात, तिथे प्रकाश मऊ करा.

*

सित्रोएन डीएस. एवढंच लिहिणार होते पण सांगते. त्या गाडीचं सस्पेन्शन तेल आणि वायूवर चालतं, इंजिन बंद करून बराच वेळ उभी ठेवली की ती हळूहळू खाली बसते. म्हणजे मॉडेल करणाऱ्याला ठरवावं लागतं की ही चालू गाडी आहे की उभी. माझ्याकडे दोन्ही आहेत, एक नेहमीच्या उंचीवर आणि एक जवळजवळ जमिनीला टेकल्यासारखी बसलेली. शेजारी शेजारी ठेवल्यात. पाहुणे विचारतात हिचं काय बिघडलंय, आणि मग मला सगळं सांगायला मिळतं.

*

मॅकलारेनवाल्या दादांसाठी. मी कस्टम करतो, १:६४ चे रिव्हेट ड्रिलने उडवून, गाडी उघडून, रंग काढून, चाकं बदलून, परत २ मिलिमीटरच्या स्क्रूने बंद करून, त्यामुळे डिकॅल बरेच लावलेत. तुमची गाडी रंगवलेली आहेच, तेव्हा फक्त अंग धूळ आणि बोटांचं तेल जाईल असं नीट पुसा. पृष्ठभाग चकचकीत असला पाहिजे, मॅटवर लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. डिकॅल कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, कागदावरून आपणहून सरकायला लागलं की गाडीवर सरकवा, चिमट्याने ओढू नका. आधी सपाट भाग, मग वळणाचे. वळणावर डिकॅल मऊ करणारं सोल्युशन ब्रशने लावा, ते सुरकुतल्यासारखं दिसेल तेव्हा अजिबात हात लावू नका, वाळताना आपोआप खाली बसतं. मूळ छापलेल्या अक्षरांना सोल्युशन लागू देऊ नका, आधी तळाकडच्या एखाद्या जागी तपासा. एक बाजू पूर्ण वाळली की मगच गाडी उलटी करून दुसरी घ्या. दोन्ही बाजूंची उंची जुळवायला मास्किंग टेपची पट्टी खाली लावून तिच्या कडेवर अक्षरं टेकवा. नाकावरचा भाग सगळ्यात अवघड आहे तो शेवटी ठेवा, आणि संच दोन आणलेत तर फारच बरं.