नागपूरच्या उन्हाळ्यात चेहऱ्याला काय लावता, काय बंद करता?

होळी आटोपली की इथली हवा बदलते. सकाळी ओठ चरचरतात, हनुवटीजवळ साल निघायला लागते, आणि त्याच वेळी नाक-कपाळ तेलकट. मुंबईची मैत्रीण म्हणते, उन्हाळ्यात मॉइश्चरायझर कशाला, बंद कर. तिच्या दमट हवेत ते चालत असेल. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते आणि पारा 44-45 गाठतो. घाम येतो, पण अंगावर थांबत नाही, उडून जातो. त्यामुळे चेहरा तेलकट दिसला तरी आतून कोरडाच असतो. मग जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि तीच त्वचा चिकचिक करायला लागते. म्हणजे आपले उन्हाळे दोन, आणि त्यांची काळजीही दोन तऱ्हांची हवी. बाहेरगावचे सल्ले इथे लागू पडत नाहीत, म्हणून इथल्यांनीच इथलं सांगावं ही विनंती.

सुरुवात माझ्यापासून. मार्चमध्ये मी जाड क्रीम ठेवून देते आणि ग्लिसरीन-सेरामाइडवालं पातळ लोशन काढते. तोंड धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसत नाही, ओलसर चेहऱ्यावरच लोशन लावते. खूप फेस येणारा फेसवॉश बंद. सकाळी नुसतं पाणी, रात्री सौम्य क्लेन्झर. तेलकटपणा जातो म्हणून दिवसातून चार-चारदा फेसवॉश वापरणाऱ्या कितीतरी मुली बघते. त्यांचे गाल मेपर्यंत लालबुंद होतात. कृपा करून तसं करू नका.

धरमपेठ, रोज स्कूटीने कॉलेजला शिकवायला जाते

नागपुरात दुपट्टा बांधल्याशिवाय बाई गाडीवर बसत नाही, आणि दुपट्टा आहे म्हणून सनस्क्रीन कशाला, असंही इथेच ऐकू येतं. एकदा दुपट्टा उजेडाकडे धरून बघा. पलीकडची खिडक्यांची चौकट दिसली, तर त्यातून ऊनही येतं. पातळ पांढऱ्या मलमलपेक्षा घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा जास्त ऊन अडवतो. मी दोन्ही करते: आधी सनस्क्रीन, ते मुरेपर्यंत केस विंचरणं-डबा भरणं, मग दुपट्टा. ओल्या सनस्क्रीनवर दुपट्टा आवळला तर अर्धं त्यालाच लागतं. माझ्या जुन्या दुपट्ट्याच्या घडीवर गालाच्या मापाचा पिवळट डाग पडलेला आहे.

एसपीएफच्या आकड्यामागे फार धावू नका. 30 वालं सुमारे 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजवणारे किरण, अडवतं, 50 वालं सुमारे 98. फरक पडतो तो किती लावता याने. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा, तेवढं चेहरा-मानेला लागतं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात. डबीवर पीएची अधिक चिन्हं बघा, तो यूव्हीएचा हिशोब आहे, काळवंडण्याचा मोठा भाग त्याचाच. दुपारी परत निघण्याआधी तोंड धुऊन पुन्हा लावते. ट्यूब डिक्कीत ठेवत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ती खराब होते. आणि दुपट्टा रोज धुवा, गालाच्या कडेने येणारे पुरळ त्याने खूप कमी होतात.

हिंगणा रोड, बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर

माणसांनी पण लिहायला पाहिजे म्हणून लिहितो. साइटवर सनस्क्रीन म्हटलं की पोरं हसतात. पण कान, मानेची मागची बाजू आणि नाकाचा शेंडा इथे मे महिन्यात साल निघतेच निघते. पांढरा थर राहिला तरी चालते, मी झिंक ऑक्साइडवालं लावतो, घामाने डोळ्यात गेलं तर कमी झोंबते. बाकी अंगाला पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट. उघड्या बाह्यांवर महागडं क्रीम थापण्यापेक्षा शर्ट बरा, सांगून राहिलो ना भाऊ. हेल्मेटच्या पट्ट्याखाली पुरळ येते तिथे पट्टा रोज पुसतो. ओठांना साधं पेट्रोलियम जेली.

खिशात कांदा आई ठेवते, तो राहू देतो. पण कांद्याच्या भरवशावर राहू नका. एखाद्याचं अंग भट्टीसारखं तापलं आणि तो बरळायला लागला, तर तो त्वचेचा विषय राहत नाही. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी दवाखान्यात न्यायची गाडी बोलवा.

मानेवाडा, आठ महिन्यांच्या बाळाची आई

घामोळ्या. पाठ, मान, काखा, सगळीकडे लाल ठिपके. सासूबाई प्रेमाने रोज तेल चोळायच्या, वर पावडर. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: घामाची तोंडं बुजली की घाम आतच अडकतो आणि पुरळ उठतं, तेल-पावडरचा थर ती आणखी बुजवतो. आता तेल फक्त हिवाळ्यात. साध्या पाण्याने दोनदा अंघोळ, घड्यांमधलं पाणी मऊ कापडाने टिपायचं, आणि मलमलचं झबलं. फार खाजलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं कॅलामाइन लोशन. हे सगळं आता सासूबाई माझ्यापेक्षा नेमाने करतात, परवा शेजारच्या बाळाच्या आजीलाही त्यांनीच समजावलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत, त्याला सावलीतच ठेवायचं.

महाल, औषधांचं दुकान

मे ते जुलै लोक एकच वाक्य म्हणतात: ‘गजकर्णाचं ते मलम द्या, मागे लगेच बरं वाटलं होतं.’ लगेच बरं वाटतं ते त्यातल्या स्टिरॉइडमुळे. खाज दबते, बुरशी पसरत राहते, जांघेतली चकंदळं पोटापर्यंत येतात. काही जण तेच गोरं व्हायला चेहऱ्याला लावतात. त्याने त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात आणि उन्हात पाऊल टाकलं की आग होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती याचसाठी. चिठ्ठी मागितली म्हणून रागावू नका, दादा-ताई. आणखी एक: पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ऊन जास्त बाधतं. गोळी देताना मी हे प्रत्येकाला सांगतो.

रामदासपेठ, वय सत्तरीच्या पुढे

माझं दुखणं नडग्यांचं. कूलरचा झोत रात्रभर पायांवर, आणि सकाळी नडग्या राखेसारख्या पांढऱ्या, खाजून खाजून रेघोट्या. झोत थेट अंगावर न घेता भिंतीकडे फिरवला. आमचं बोअरचं पाणी जड, साबण अंगाला चिकटून राहतो, म्हणून साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. अंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल तेल.

मुलींनो, मुलतानी माती एप्रिल-मेमध्ये चेहऱ्यावर वाळेपर्यंत ठेवू नका, आधीच कोरडी हवा, त्यात ती आणखी शोषून घेते. आणि लिंबू चोळून उन्हात जाणं तर नकोच. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की फोड येऊन काळे डाग राहतात, आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या मनगटावर ते महिनोन् महिने होते. लिंबू सरबतात घाला.

मनीषनगर, वांगाचा त्रास

एसी ऑफिसमध्ये बसूनही वांग गडद का होतो हे मला कळत नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाल्या, वांगाला नुसता यूव्ही नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही चेतवतो, आणि काचेतून यूव्हीए आत येतोच. आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन त्यांनी दिलं, खिडकीकडची खुर्ची मी बदलून घेतली. रेटिनॉल, म्हणजे डागांवर रात्री लावायचं क्रीम, रोजच्या ऐवजी एक रात्र आड, तेही मॉइश्चरायझरच्या वरून. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, पूर्ण बंद. डाग गेलेले नाहीत, पण या वर्षी वाढलेही नाहीत, आणि त्याचा मला खरंच आनंद आहे.

धागा सुरू करणारीकडून

मनीषनगरच्या ताई, जूनचं विचारायचं राहू नये म्हणून मीच सांगते. पहिल्या पावसानंतर दोन-चार दिवसांत सकाळी उठल्यावर गाल चिकट लागतात. तेव्हा मी लोशनवरून जेलवर येते, कपाळावर बारीक, एकसारखे, खाजणारे दाणे आले तर पिंपल्सचं औषध लावत बसत नाही, डॉक्टरांना दाखवते, कारण ते बुरशीचेही असू शकतात. सनस्क्रीन ढगातही चालूच. कामठी, कोराडी, बुटीबोरीकडून अजून कोणी लिहिलेलं नाही. उन्हात शेतावर किंवा कारखान्याच्या भट्टीपाशी काम करणाऱ्यांनी जरूर सांगा, तिथे काय टिकतं ते आम्हाला ठाऊक नाही.