मदत हवी आहे: घराभोवती बिळं, पेव्हर खचतायत

लालमाती: मागच्या बाजूला बिळं झालीत. बुजवली की परत उघडी. आता पेव्हर ब्लॉकही खचायला लागलेत. कुठलं औषध घालू तेवढंच सांगा, घाई आहे.

फावडेवाला: तोंड केवढं? बाहेर मातीचा ढीग आहे का? भिंतीपासून किती लांब? घरात कुत्रं-मांजर?

लालमाती: मूठ सहज जाईल. ढीग आहे. भिंतीला लागूनच. मांजर आहे, अर्थात.

फावडेवाला: ते ‘अर्थात’ आधी लिहायचं होतं! घूस दिसतेय. संध्याकाळी सगळी तोंडं चिखलाने हलकी लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. हात मात्र आत घालू नका, सोडलेल्या बिळात साप राहतो.

कुंडीवाली: डांबरगोळ्या टाका, पळून जातील.

तिसरा_मजला: मातीबरोबर गोळ्याही बाहेर ढकलेल. झिंक फॉस्फाईडच घ्या, उंदीर-घुशींचं विष. ९६ भाग धान्याची भरड, २ भाग तेल, २ भाग विषाची पावडर. त्याआधी दोन-तीन दिवस तीच भरड बिनविषाची घालायची, म्हणजे चटक लागते.

फावडेवाला: मांजराच्या घरात झिंक? त्याला उतारा नाही. शिवाय अर्धवट खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या खाण्याला तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोन हे दुसरं विष, त्याच्या वड्यांनी मेलेली घूस मांजराने खाल्ली तर विष त्याच्याही पोटात.

तिसरा_मजला: मग आरती ओवाळू का घुशीची?

फावडेवाला: जाड तारेचा पिंजरा. भिंतीला खेटून, तोंड तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. पहिल्या तीन-चार रात्री दार बांधून उघडंच ठेवा, खाणं आत. नवी वस्तू दिसली की घूस बिचकते.

नवीन_सभासद: ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात टाकून तोंड बंद केलं तर एका रात्रीत काम.

वाळू_खडी: घराजवळ अजिबात नको! त्यातून फॉस्फीन वायू निघतो, तो प्लिंथच्या (जोत्याच्या) भेगांतून खोलीत शिरतो. माणसं दगावतात.

वाळू_खडी: घूस पकडून झाल्यावर भिंतीलगत ६० सेंमी खोल चर घ्या. १२ मिमी भोकांची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी उभी सोडा, खालचा ३० सेंमी भाग बाहेरच्या बाजूला वळवा. कोंबड्यांची पातळ जाळी नको, कुरतडते. पेव्हर उचलून पोकळी पूर्ण उघडा, खडी-मुरमाचे १५ सेंमीचे थर पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. नुसती माती लोटली तर पहिल्या पावसात बसते. माती ओली करून, हातमोजे घालूनच उकरा, घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो.

कुंडीवाली: मुंगूस पाळलं तर?

नवीन_सभासद: वाळवीला क्लोरपायरीफॉस चालतं.

तिसरा_मजला: वाळवीचं कोणी विचारलंय?

वाळू_खडी: लालमाती, त्या बाजूने ड्रेनेज जातं का? चेंबरचं झाकण उचलून बघा.

लालमाती: उचललं. एका पाइपच्या तोंडाशी माती साठलीय.

वाळू_खडी: मग जाळी थांबवा. जॉइंट फुटलाय, माती तिथून पाइपात जातेय आणि घूसही बहुधा त्याच वाटेने येतेय. आधी तो. पाइप कसला, स्टोनवेअर (भाजक्या मातीचा) की पीव्हीसी?