तुमच्या कानाला भावलेलं इंग्रजी कुठलं? (नाशिककरांचे अनुभव)

इंग्रजी उच्चारांचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा दोन वाक्यांत संपतात: 'ब्रिटिश ऐकायला भारी' आणि 'अमेरिकन कळायला सोपं'. पण ब्रिटिश म्हणजे कुठलं? लिव्हरपूल आणि मँचेस्टरमध्ये जेमतेम 50 किलोमीटर अंतर, म्हणजे आपण लासलगावला जावं त्याहून कमीच, आणि तेवढ्यात बोलण्याचा सूर पार बदलतो.

मला स्वतःला स्कॉटिश आवडतं, ते त्यांच्या 'र'साठी. लंडनकडचा माणूस 'कार', 'डोअर' म्हणताना शेवटचा र गिळून टाकतो. स्कॉटलंडचा माणूस तो जिभेच्या शेंड्यावर वाजवतो. 'गर्ल', 'वर्ल्ड' तर 'गेरल', 'वरल्ड' असे दोन तुकड्यांत ऐकू येतात. आपल्या मुलांना क्लासमध्ये 'र इतका ठासून म्हणू नका' असं बजावतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. ज्या र वर आपण फुल्या मारतो तो तिकडे रुबाबात नांदतोय.

तुम्ही कामाच्या जागी, परदेशात, रेडिओवर काय ऐकलंत, काय आवडलं आणि का, ते सविस्तर लिहा. बरोबर-चूक हा वाद या धाग्यावर नको.

पिंपळगाव बसवंतहून

द्राक्षाच्या सीझनला पॅकहाउसवर विलायतेचे खरेदीदार येतात. एक गृहस्थ यॉर्कशायरचे. हातात रिफ्रॅक्टोमीटर, मणी चिरडून रसाचा थेंब काचेवर टाकायचे, उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायचे आणि म्हणायचे, 'कुट धिस बुंच'. आमचा मुकादम नुसता बघत राहिला. मग उलगडा झाला की उत्तर इंग्लंडात 'कट', 'बंच', 'बस', 'कप' यांतल्या अ च्या जागी सरळ उ येतो. हे डोक्यात बसल्यावर एक शब्द अडला नाही. पॅकिंगच्या बायाही 'बुंच' म्हणायला लागल्या. साहेबी आव अजिबात नाही, बोलणं एकदम आपल्या शेतकऱ्यासारखं रोखठोक. माल नापास केला तरी राग येत नसे.

नाशिकरोडहून

मी प्रेसमधून निवृत्त. आमचं इंग्रजी घडलं ते शॉर्टवेव्हवर, क्रिकेटमुळे. खरखरीतून समालोचक जॉन अर्लट यांचा आवाज यायचा. हॅम्पशायरचा घोळदार र, कसलीही घाई नाही. चेंडू टाकायच्या आधी ते ढग, कबुतरं, प्रेक्षकातली टोपी, सगळं दाखवून घ्यायचे. 1980 साली लॉर्ड्सच्या शताब्दी कसोटीनंतर ते थांबले. वाइनवरही लिहीत, आज असते तर आपल्या गंगापूर धरणाच्या काठच्या द्राक्षमळ्यांत नक्की रमले असते.

त्यांच्यानंतर मनात घर केलं ते वेस्ट इंडिजच्या आवाजांनी. बार्बाडोसचे टोनी कोझियर आणि जमैकाचे मायकेल होल्डिंग. कॅरिबियन इंग्रजीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन मिळतं, मराठीतही तसंच, म्हणून ते आपल्याला पटकन झेपतं असं माझं मत आहे. 2020च्या जुलैत साउदॅम्प्टनला पावसाने खेळ थांबला होता तेव्हा होल्डिंग वर्णद्वेषावर बोलले. तोच खर्जातला, संथ आवाज. मी टीव्हीसमोरून हललो नाही.

इंदिरानगरहून

मला न्यूझीलंडचं आवडतं. 'फिश'चं 'फश', 'सिक्स'चं 'सक्स', आणि 'पेन' ऐकावं तर 'पिन'. 2019च्या विश्वचषकाची सुपर ओव्हर इयन स्मिथ यांनी सांगितली. स्वतःचा देश हरत असताना त्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता.

सिडकोहून

पुण्यात कॉल सेंटरला होते. ट्रेनिंगमध्ये ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि 'पेपर', 'पार्सल' म्हणायचं. पट्टी हलली तर पास. आपला प हवा न सोडता येतो आणि तिकडच्या माणसाला तो ब वाटतो, म्हणून हा खटाटोप. 'बेटर' म्हणताना आपला ट जीभ मागे वळवून येतो, तोही पुढे आणायला लावत.

एवढं करून पहिला कॉल आला न्यूकॅसलचा आणि मला काहीच कळेना. 'टाउन'चं 'टून'. पण त्या आजी मला दर वाक्याला 'पेट' म्हणत होत्या. तिकडे लाडाने अनोळखी माणसालाही तसं म्हणतात. दिवसभर शिव्या खाऊन आलेल्या मुलीला ते किती सुखावतं, हे त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हापासून माझा पहिला नंबर न्यूकॅसल.

मूळची सटाण्याची, सध्या कॉर्क, आयर्लंड

मी नर्स आहे. परीक्षेच्या तयारीत दातांत जीभ धरून 'थ'वर महिने घालवले. इथे आले तर 'थिंक', 'थर्स्टी'ला बरेच जण सरळ त लावतात, आणि 'दॅट'चा द तर अगदी आपला.

कॉर्कचा सूर गाण्यासारखा वर-खाली होतो. मी अहिराणीत वाढले. आमची आई काही विचारते तेव्हा तिचं वाक्यही असंच चढत जातं, त्यामुळे मला इथे पहिल्या आठवड्यापासून परकं वाटलं नाही. जुने पेशंट काहीही विचारलं तरी 'ग्रँड', म्हणजे 'मस्त आहे', म्हणतात, एका हाताने पलंगाची दांडी आवळून धरलेली असताना सुद्धा. म्हणून मी आता उत्तर ऐकताना हाताकडेही बघते.

कॉलेजरोडहून

इंग्रजी शिकवतो, म्हणून एक भर. 1970च्या सुमारास ब्रिटनमध्ये हॉवर्ड जाइल्स यांनी एकाच माणसाचा आवाज निरनिराळ्या उच्चारांत लोकांना ऐकवला. माणूस तोच, मजकूर तोच, तरी राजधानीकडच्या सुशिक्षित उच्चाराला सगळ्यात जास्त मान मिळाला. अशाच पुढच्या प्रयोगांत तो उच्चार हुशारीचा वाटला आणि प्रांतिक उच्चार जिव्हाळ्याचे, भरवशाचे वाटले. वरचे अनुभव वाचा, कोणीही 'हुशार वाटला म्हणून आवडला' असं लिहिलेलं नाही.

पाथर्डी फाट्याहून

त्रिरश्मी लेण्यांवर (पांडवलेणी) परदेशी पाहुण्यांना माहिती सांगतो. एकदा लिव्हरपूलचं जोडपं आणि एक जर्मन बाई एकत्र आल्या. लिव्हरपूलकडे 'बॅक', 'बुक'मधला क घशातून ख सारखा निघतो, मला तो फार आवडला. जर्मन बाईंना मात्र त्यांचे प्रश्न समजेनात. शेवटी तेच प्रश्न मी माझ्या इंग्रजीत परत सांगायचो आणि मग उत्तर द्यायचो. बाई म्हणाल्या, तुमचं प्रत्येक अक्षर ऐकू येतं.

तरी नहपान, गौतमीपुत्र, विहार ही नावं मी इंग्रजी वळणाने कधीच म्हणत नाही. ती आपल्या तोंडून जशी येतात तशीच दोनदा सांगतो आणि पाहुण्यांकडून म्हणवून घेतो.