‘रन’ म्हणजे फक्त धावणे नव्हे : आपले अनुभव लिहा

ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशासाठी ‘रन’ या शब्दाची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा पीटर गिलिव्हर या कोशकारांचे सुमारे नऊ महिने त्या एकाच शब्दावर गेले आणि केवळ क्रियापदाचे 645 अर्थ भरले. 1989 च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. शाळेत मात्र आपण ‘रन’चा ‘धावणे’ एवढा एकच अर्थ पाठ करतो.

यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे भाषांतर करताना माझ्या एक गोष्ट हळूहळू लक्षात आली, आणि ती सांगण्यासाठीच हा धागा काढत आहे : इंग्रजी जिथे धावते, तिथे मराठी बहुधा चालते. यंत्र चालते, संस्था चालवली जाते, नाटक वर्षभर चालते, घर चालवावे लागते, संगणकावर आज्ञावली चालते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीला ‘रन’ चालतो. हे कळण्यापूर्वी मी प्रत्येक वाक्यात ‘कार्यान्वित करणे’ असा जड शब्द योजत असे, आणि यंत्रावर प्रत्यक्ष काम करणारी माणसे तो वाचून थबकत. आपल्या कामात हा शब्द आपल्याला कुठे अडला आणि आपण त्यातून वाट कशी काढली, हे कृपया सविस्तर लिहावे.

न्यायालयीन कागदपत्रांची भाषांतरकार :
निकालपत्रात दोन शिक्षा ‘कन्करंटली रन’ होतील असे वाक्य येते. सुरुवातीला मी ‘शिक्षा समांतर चालतील’ असे लिहिले होते. ते व्याकरणाने बरोबर होते, पण तीन आणि पाच वर्षांच्या दोन शिक्षा झालेल्या माणसाला एकूण पाच वर्षे तुरुंगात राहायचे आहे की आठ, हे त्यावरून कळत नव्हते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते खोडून ‘दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत’ असे केले. इंग्रजी वाक्यात शिक्षा कर्ता असते आणि ती आपोआप पुढे सरकते. मराठीत शिक्षा माणूस भोगतो. ‘रन’साठी शब्द शोधण्याआधी त्या वाक्यात प्रत्यक्ष कोणाला काय करावे लागणार आहे हे शोधायचे, ही सवय मला त्या एका दुरुस्तीने लावली.

अतिदक्षता विभागातील डॉक्टर :
आमच्या विभागात हा शब्द दिवसभर कानावर पडतो. नाक ‘रन’ होते, म्हणजे गळते. आजार घराण्यात ‘रन’ होतो. सलाईन ‘रन’ करतात. तपासण्याही ‘रन’ करतात. अनेकवचनी ‘रन्स’ म्हणजे जुलाब. यांपैकी कशानेच माझा कधी गोंधळ झाला नाही, कारण संदर्भ समोर पलंगावरच असतो.

गोंधळ झाला तो एका रुग्णाच्या मुलाशी बोलताना. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून तीन किंवा अधिक वेगवान ठोके सलग उमटले, तर त्या मालिकेला आम्ही ‘रन’ म्हणतो, आणि ती तीस सेकंदांच्या आत आपोआप थांबली तर ती टिकून न राहणारी समजली जाते. आमचे आपापसातील बोलणे ऐकून त्या मुलाने विचारले, “बाबांचे हृदय पळते आहे का?” मी घाईत होकार दिला. नंतर विचार करताना जाणवले की त्याच्या मनात अखंड धडधडणाऱ्या हृदयाचे चित्र उभे राहिले असणार, आणि मला सांगायचे होते ते काही क्षणांत थांबलेल्या एका सरीविषयी. मी परत जाऊन त्याला समजावले. तेव्हापासून मी नातेवाइकांशी बोलताना ‘सलग काही ठोके’ असेच म्हणते.

हौशी क्रिकेटचा गुणलेखक :
आमच्याकडे ‘रन’ला धाव हा नेमका शब्द आहे, तरीही त्यात एक पेच आहे. चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागचा न हलताही चार धावा मिळतात. उलट धावताना एका टोकाला बॅट रेषेपलीकडे टेकली नाही, तर पूर्ण धावूनही ती धाव मोजली जात नाही. धाव हे शेवटी मोजमाप आहे, हे नव्या गुणलेखकांना मी सर्वांत आधी सांगतो.

बँकेतील निवृत्त अधिकारी :
आमच्या व्यवसायात या शब्दाची धास्ती वाटते. ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला येतात तो ‘बँक रन’, आणि मराठीत त्याला झुंबड हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर खरोखरच रांगा लागल्या होत्या. 9 मार्च 2023 रोजी मात्र अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात सुमारे 4,200 कोटी डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या, त्याही बहुतांशी पडद्यावर बोट टेकवून, आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. पाय न हलवता झालेली ही धाव सर्वांत वेगवान होती.

भाषाशास्त्राची विद्यार्थिनी :
नाक आणि नदी ‘रन’ होतात, याला मी अनेक वर्षे अलंकारिक प्रयोग समजत होते. व्युत्पत्ती पाहिल्यावर माझी समजूत बदलली. वाहणे हा या शब्दाचा अगदी जुना अर्थ आहे. जर्मनने ‘रिनन’ म्हणजे ओघळणे आणि ‘रेनन’ म्हणजे धावणे अशी दोन क्रियापदे वेगळी जपली, तर इंग्रजीत त्यांचे नातलग एका शब्दात मिसळून गेले. याहून मोठा आनंद संस्कृत कोश उघडल्यावर झाला, कारण ‘धाव्’ या धातूलाही धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीने त्यातला प्रवाह सोडला आणि धाव ठेवली, पण तिला स्वतःचे नवे अर्थ दिले : गाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी धाव, मोट ओढणारे बैल ज्या उतारावरून जातात तीही धाव. इंग्रजीच्या 645 अर्थांचे कौतुक करताना आपल्या या शब्दांची मोजदाद कोणी तरी इतक्याच निष्ठेने करावी, असे मला मनापासून वाटते.

मराठी शिकवणारी शिक्षिका :
माझ्या एका परदेशी विद्यार्थिनीने पहिल्या महिन्यात “माझे घड्याळ धावते” असे वाक्य लिहिले. ते पुढे जाते का, असे मी विचारले, तर ती म्हणाली की नाही, ते अगदी बरोबर वेळ दाखवते. मग आम्ही दोघींनी बसून तिच्या वहीत ‘रन’खाली चालणे, वाहणे, गळणे, संपणे असे शब्द लिहिले. निवडणुकीपाशी ती थांबली, कारण तिच्या अमेरिकी इंग्रजीत उमेदवार धावतो आणि मराठीत तो उभा राहतो. ब्रिटिश इंग्रजीतही तो उभाच राहतो, हे ऐकून तिला बरे वाटले. वही मिटताना मी पुढच्या तासाची वेळ सुचवली आणि ती चटकन “चालेल” म्हणाली. मग तिने वही पुन्हा उघडली आणि विचारले, “बाई, इथे नेमके काय चालते?”