नीलला चार रात्री: आराम की पैसे वाया?

खारा_वारा:
परवा मित्रांमध्ये यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे टाकतोय. आम्ही दोघं (लग्नाला ११ वर्षं, लेक आजीकडे ठेवलेली) फेब्रुवारीत अंदमानला गेलो आणि सहापैकी चार रात्री नुसत्या नील या छोट्या बेटावर काढल्या. २०१८ पासून कागदावर शहीद द्वीप, पण तिथे रिक्षावाल्यापासून सगळे नीलच म्हणतात. हॅवलॉक हे सगळे जातात ते मोठं बेट पूर्ण सोडलं. आता जो भेटतो तो म्हणतो, येडे आहात का, नील म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. माझं म्हणणं, अर्ध्या दिवसात उरकणाऱ्यांना नील कळतच नाही. सकाळच्या बोटीने पब्लिक उतरतं, भरतपूरच्या बीचवर काचेच्या तळाच्या बोटी, आरडाओरडा, मग धावत नॅचरल ब्रिज (खडकाची नैसर्गिक कमान), फोटो, परत जेट्टी. एकदा ते गेले की सायकल काढायची, भाताच्या आणि भाजीच्या शेतांमधून लक्ष्मणपूरच्या बीचवर जायचं, साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो (हो, तिथे घड्याळ आपलंच पण सूर्य फार घाईत असतो), बाजारात बंगाली काकूंच्या हातचा माशाचा रस्सा भात खायचा आणि साडेआठला झोप. दोघांना एकत्र एवढी झोप कधी मिळाली होती ते आठवत नाही.

दौरा_मास्तर:
माफ करा पण झोपायलाच जायचं होतं तर दिवेआगर काय वाईट आहे? चेन्नईवरून विमान, परत बोट, हॉटेल, एवढा पैसा ओतायचा आणि हॅवलॉकचा राधानगर बीच न बघता यायचं? आणि नीलला पोहायचं कुठे ते सांगा. लक्ष्मणपूरला ओहोटीला गुडघाभर पाणी आणि खाली मेलेलं प्रवाळ, पाय सोलून निघतात. माझ्या बायकोचा अंगठा कापला, दोन दिवस चप्पल घालता येईना. राधानगरला मऊ वाळू, सरळ पाण्यात शिरा. आराम म्हणतात तो याला.

मालवणी_मिरची:
@दौरा_मास्तर ओहोटीला समुद्रात उतरलात तर चूक समुद्राची कशी ओ? आमच्याकडे शेंबडं पोर पण तिथी विचारून मग खाडीत उतरतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे गणित अंदमानात जसंच्या तसं लागू होत नाही, पण जेट्टीवर किंवा हॉटेलात कोणालाही विचारा, सांगतात. आणि याचसाठी तिथे चार दिवस हवेत. नॅचरल ब्रिजपर्यंत नीट जायचं तर ओहोटीच लागते, पोहायला भरती, आणि वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. टूरवाला तुम्हाला आणतो त्याच्या बोटीच्या वेळेला, मग भर भरतीत ब्रिज लांबून बघून या. चार दिवस असले की समुद्राच्या वेळेने चालता येतं. त्या खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे बघत आम्ही दोन तास बसलो होतो, उठावंसंच वाटेना.

सासुरवाशीण_७९:
आमच्याकडे वेगळाच प्रॉब्लेम. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) एकच रात्र ठेवली तर सासरे म्हणाले सेल्युलर जेल घाईत बघणार? सावरकर दहा वर्षं होते तिथे आणि तुम्हाला दोन तास जड होतात? मुद्दा बरोबर होता, दोन रात्री केल्या. जेल बघून आल्यावर लगेच बीचवर लोळायचं म्हणजे मन तयार होत नाही हेही खरं. म्हणून मला नीलचा संथपणा आवडला. त्या गावांची नावं बघा, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी जंगल तोडून वसवलंय ते सगळं. आपण ज्याला निवांत म्हणतो ती त्यांच्या आईबापांची मेहनत आहे. असो, विषयांतर झालं.

निवांत_बाई:
सगळं वाचलं. एकच प्रश्न. हे चार रात्रींचं बुकिंग कोणी केलं? बोटीची तिकिटं कोणी काढली, आजीला लेकीच्या औषधांची चिठ्ठी कोणी लिहून दिली, बोट कॅन्सल झाली तर काय याचा विचार कोणी केला? आमच्या ट्रिपला नवरा झोपाळ्यात आराम करत होता आणि मी समुद्र खवळलाय म्हणून परतीच्या बोटीसाठी फोनवर. बेट छोटं की मोठं हा वादच नाही. आणि संध्याकाळी वाळूवर बसलं की त्या सँडफ्लाय चावतात त्याबद्दल कोणी का बोलत नाही? आठवडाभर पाय खाजत होते.

दौरा_मास्तर:
@निवांत_बाई म्हणूनच पॅकेज घ्यावं, सगळं ते बघतात.

निवांत_बाई:
घेतलं होतं. बोट रद्द झाल्यावर पॅकेजवाला फोन उचलत नव्हता. तेव्हापासून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम, हा माझा नियम. छोट्या बेटावरून थेट विमान पकडायला निघणारे लोक मला जुगारी वाटतात.

मालवणी_मिरची:
हे मात्र शंभर टक्के. आणि शंखशिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. आमच्यासमोर एका जोडप्याचं त्यावरून भांडण जुंपलं, तूच म्हणालीस घे, तूच म्हणालास काही होत नाही.

खारा_वारा:
@निवांत_बाई प्रश्न लागला. बुकिंग बायकोनेच केलं. चिठ्ठी पण तिनेच लिहिली. हा धागा तिला वाचायला दिला तर म्हणाली, तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला होता, पण तू इतका खुशीत सायकल चालवत होतास की बोलले नाही. मला पत्ताच नाही!! मी तिकडे सगळ्यांना सांगत सुटलोय की दोघांना आराम मिळाला. चौथ्या दिवशी सकाळी ती एकटीच सीतापूरला सूर्योदय बघायला गेली होती, मला वाटलं मला झोपू देतेय.

सासुरवाशीण_७९:
मग आता?

खारा_वारा:
पुढच्या वेळी दोन रात्री नील, दोन हॅवलॉक असं ठरलंय. बोटीची तिकिटं मी काढायची आहेत. मास्तर, राधानगरजवळ राहायला बरं काय आहे?