शब्दचर्चा : 'तदब्बुर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कोल्हापूरच्या सदर बाजारात संध्याकाळच्या मकतबात, म्हणजे कुराणाच्या शिकवणीत, मुलांना शिकवते. रोजचा सबक (धडा) मुलांचा म्हणून झाला की शेवटची दहा मिनिटं त्यांनी आयतीवर, म्हणजे कुराणातल्या वचनावर, स्वतः प्रश्न काढायचे, असं यंदा सुरू केलंय. घरी आम्ही दखनी बोलतो, पण बरेच पालक मराठी शाळेत शिकलेले, म्हणून पत्रक मराठीत काढतेय. या प्रश्न काढण्याला आम्ही 'तदब्बुर' म्हणतो. त्यासाठी कुणी 'सर्जनशील विचार' सुचवलं. ते जीआरमधलं वाटतं. 'चिंतन' म्हटलं की डोळे मिटून बसलेला माणूस दिसतो. दुसरा शब्द आहे का?

उत्तर १ : ताई, धातू बघा : द-ब-र. 'दुबुर' म्हणजे मागची बाजू. तदब्बुर म्हणजे बोलण्याच्या मागे काय आहे, त्याचा शेवट कुठे जातो, हे बघत जाणं. 'तदबीर' याच घरातली. मला 'मागोवा' सुचतो. हिफ्जला, म्हणजे कुराण पाठ करण्याला, पत्रकात मात्र घोकंपट्टी म्हणू नका. 'हिफाजत' त्याच धातूची आहे, म्हणजे ते जपून ठेवणं झालं.

उत्तर २ : मागोवा म्हटलं की 'सरत्या वर्षाचा मागोवा' आठवतो, होऊन गेलेल्याचा हिशेब. 'कल्पकता' का नको?

प्रश्नकर्ती : काका, कल्पकता म्हटलं तर पालक घाबरतील. पोरं मनचा अर्थ लावायला लागली, असं वाटेल त्यांना, आणि ती भीती खोटी नाही. अर्थासाठी तफसीर, म्हणजे जाणकारांनी केलेलं विवरण, आहेच. आमच्याकडे काय होतं ते सांगते. कुराणाची २७वी सूरह (अध्याय), नमल. मुंगी म्हणते, घरात शिरा, नाहीतर सुलेमान पैगंबर आणि त्यांचं सैन्य नकळत तुम्हाला चिरडेल. एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, 'चिरडणाऱ्यांबद्दल ती "नकळत" असं का म्हणाली?' वर्ग गप्प झाला. मग एक मुलगा म्हणाला, 'म्हणजे तिला माहीत होतं, ते मुद्दाम पाय देणार नाहीत.' मी हे शिकवलं नव्हतं. शब्द आयतीतच होता, इतकी वर्षं मी त्यावरून पुढे जात होते.

उत्तर १ : मग 'माग काढणे' घ्या. माग जमिनीवर आधीच उमटलेला असतो, काढणारा तो रचत नाही, पण नजर त्याची स्वतःची लागते. कल्पकतेत हे येत नाही.

उत्तर ३ : पटलं. 'तफक्कुर' (विचार करणं) हा शब्द पत्रकात घालणार असाल तर जपून. त्यातलं 'फिक्र' मराठीत 'फिकीर' झालं आणि काळजीच्या अर्थाने उरलं. मराठीत लिहायला संकोच मात्र नको. शाहू महाराजांनी १९०६ साली इथे मुस्लिम बोर्डिंग काढलं आणि कुराणाच्या मराठी भाषांतरासाठीही पुढाकार घेतला. आपल्या गावाला हे नवं नाही.

प्रश्नकर्ती : पत्रकात असं लिहिलंय : 'रोज दहा मिनिटं तदब्बुर, म्हणजे आयतीतल्या शब्दाचा माग काढणं. अर्थ मौलाना सांगतील, प्रश्न मुलं विचारतील.' मूळ शब्द ठेवलाय. मुलांना तो आता येतो.